अप्पांची जॉइनिंग डेट

मी पेरोलमध्ये काम करते. खराडीतल्या एका कंपनीतल्या साडेचारशे माणसांचे पगार दर महिन्याला माझ्या हाताखालून जातात. नवीन माणूस आला की सिस्टिम सगळ्यात आधी त्याची जॉइनिंग डेट मागते. ती भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडतच नाही. पीएफ, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी, सगळं त्या एका तारखेला टांगलेलं असतं.

२०२२ च्या जुलैमध्ये अप्पा कायमचे घरी बसले. गुडघा गेला होता. ऐन पुण्याचा सीझन सुरू होताना घरी बसलेले अप्पा मी पहिल्यांदाच बघत होते. त्या आठवड्यात एका रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि ऑफिसात विचारते तसं विचारलं, "अप्पा, तुम्ही कामाला कधी लागलात?"

"चिमी आली तवा."

"म्हणजे कुठलं साल?"

अप्पांनी बराच विचार केला. "राजा मुंबईला पडला, त्याच्या आधलं साल."

चिमी आणि राजा हे घोडे. माझे अप्पा मोतद्दार. रेसकोर्सवर सगळे सायस म्हणतात, पण आमच्या घरात आजोबांपासून मोतद्दार हाच शब्द आहे. घोड्याला दाणापाणी करणारा, खरारा करणारा, फिरवणारा, त्याचं ठाण झाडणारा आणि रात्री त्याच्याजवळ झोपणारा माणूस. तुम्ही कधी पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेला असाल, तर शर्यतीआधी पॅडॉकमध्ये घोड्याचा लगाम धरून गोल गोल चालणारा माणूस तुम्हाला दिसला असेल. दिसला असेल म्हणजे तुमच्या नजरेसमोरून गेला असेल. बघत तर सगळे घोड्याकडेच असतात, आणि त्यात गैर काहीच नाही.

*

अप्पा मूळचे माण तालुक्यातले. दुष्काळात गाव सोडून पुण्यात आले तेव्हा घोरपडीत राहणाऱ्या एका नातेवाइकाने त्यांना तबेल्यात नेलं. जमादाराने (तबेल्यातल्या मुख्य मोतद्दाराला जमादार म्हणतात) त्यांना एका घोडीजवळ उभं केलं आणि तो चहा प्यायला गेला. घोडीने अप्पांचा सदरा चावला. अप्पा हलले नाहीत. जमादार परत आला आणि म्हणाला, उद्यापासून ये. अप्पांचा इंटरव्ह्यू, ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट एवढ्यात उरकली. ती घोडी म्हणजे चिमी. रेसबुकात तिचं नाव भारदस्त इंग्रजी होतं, पण तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याला घरचंही एक नाव असतं आणि घोडा ओ देतो ती त्या नावाला.

अप्पांचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आधी दाणा, मग ठाण साफ, मग खरारा. उजाडायच्या आत रायडिंग बॉय येऊन घोडा ट्रॅकवर कामाला न्यायचा. परत आला की त्याला अंग थंड होईपर्यंत चालवायचं, आंघोळ घालायची, खूर साफ करायचे, पाय चोळायचे. दुपारी थोडी विश्रांती, मग पुन्हा फिरवणं, लसूणघास, ओट, पट्ट्या बांधणं. असे दोन घोडे. रविवार नाही, दिवाळी नाही. घोड्याला सुट्टी कळत नाही, असं अप्पा म्हणायचे. हे वाक्य मला लहानपणी फार थोर वाटायचं. पेरोलमध्ये आल्यावर कळलं की बदली माणूस न ठेवण्याचं याहून सोयीचं कारण कुठलंच नसेल.

पावसाळा सुरू झाला की पुण्याचा सीझन. दिवाळीच्या सुमाराला घोडे फ्लोटमध्ये चढवून घाटाखाली मुंबईला. तिथे एप्रिलपर्यंत सीझन. फ्लोटमध्ये घोड्याबरोबर अप्पाही उभे. महालक्ष्मीला तबेल्यातच माळ्यावर चार-पाच जणांत झोपायचं. वर्षातले सहा महिने आमच्या घरात अप्पा नसत. माझी दहावीची परीक्षा, आईचं ऑपरेशन, आजी गेली तो दिवस, हे सगळं मुंबईच्या सीझनमध्येच घडलं.

एक गंमत सांगते. रेसच्या घोड्याचा वाढदिवस आपल्याकडे एक जानेवारीला धरतात. तो जन्मला कधीही असो, एक जानेवारी उजाडली की कागदावर सगळ्या घोड्यांचं वय एका वर्षाने वाढतं. आणि अप्पांचा वाढदिवस एक जून. गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या वर्गाची तारीख हीच लावली. दोघांच्याही तारखा दुसऱ्या कुणीतरी सोयीसाठी ठरवलेल्या. फरक एवढाच की घोड्याच्या कागदावर त्या तारखेच्या पुढे आई, बाप, आजोबा, पणजोबा असं सगळं लिहिलेलं असतं. जगातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचा बापाकडचा वंश अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोचतो आणि ती वंशावळ स्टडबुकात नोंदलेली असते. अप्पांच्या कागदावर एक जूनच्या पुढे काही नाही.

*

२००८ च्या पावसाळ्यात अप्पांना लाथ बसली. घोडा वाईट नव्हता. मागून कुणीतरी पत्रा पाडला, तो बिचकला, आणि अप्पा त्याच्या मागच्या पायाशी होते. अप्पा भिंतीवर आदळले. घोड्याच्या पायाला थोडं खरचटलं होतं. त्यासाठी डॉक्टर अर्ध्या तासात आले. पाय तपासला, एक्स-रे काढला, सगळं ठीक निघालं. अप्पांनी छातीभोवती टॉवेल घट्ट बांधला, संध्याकाळचा दाणा घातला आणि रात्री बसने घरी आले. दुसऱ्या दिवशी आईने सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की दोन बरगड्या मोडल्यात.

मी तेव्हा नववीत होते. मला राग आला तो घोड्याचा. अप्पा म्हणाले, "त्याच्यावर कशाला चिडती? त्यानं मुद्दाम केलं का?" अकराव्या दिवशी ते कामावर गेले. त्या अकरा दिवसांचा पगार कापला गेला. त्या वेळचे ट्रेनर साहेब भले गृहस्थ होते, त्यांनी जमादाराच्या हाती पाचशे रुपये आणि सफरचंदं पाठवली. आई कित्येक वर्षं त्या सफरचंदांचं कौतुक सांगत असे.

कामावर जखमी झालेल्या माणसाला पाचशे रुपये आणि सफरचंदं मिळतात तेव्हा तो आभारी असतो. भरपाई आणि पगारी रजा मिळाली असती तर त्याला आभार मानायची गरज नसती. तबेल्याचं सगळं अर्थशास्त्र याच फरकावर चाललंय, असं मला आता वाटतं. तिथे जे येतं ते इनाम म्हणून येतं. घोडा जिंकला, इनाम. मालकाची मुलगी लग्न झाल्यावर घोडे बघायला आली, इनाम. एकदा महालक्ष्मीला एका मोठ्या शर्यतीआधी अप्पांचा घोडा सगळ्यात नीट राखलेला म्हणून निवडला गेला. त्या बक्षिसाचं पाकीट मोतद्दाराला मिळतं. लाउडस्पीकरवर नाव मात्र घोड्याचं पुकारलं गेलं.

आणि मी तरी कुठे बाहेरची आहे? २०१३ मध्ये अप्पांच्या घोड्याने मुंबईला मोठी शर्यत मारली. मालक इतके खूश झाले की त्यांनी अप्पांच्या हातात पंचवीस हजार ठेवले. त्यातून माझी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची फी, कॉम्प्युटरचा कोर्स आणि आईचा चष्मा झाला. आज मी जे कायदे सांगते ते त्याच पैशांवर शिकले. म्हणून पुढचं सगळं लिहिताना हात जरा जड होतो.

*

तर, जॉइनिंग डेट. "चिमी आली तवा" हे सिस्टिमला चालणार नव्हतं. अप्पांकडे नेमणुकीचं पत्र नाही. पगार बहुतेक वर्षं रोख, वहीत अंगठ्याशेजारी सही. वही जमादाराकडे, आणि ते जमादार वारले. ३१ वर्षांत तीन ट्रेनर झाले. पहिले हयात नाहीत, दुसरे धंदा सोडून परदेशात मुलाकडे गेले, तिसरे आजही घोडे तयार करतात.

मग एका दुपारी आईने पलंगाखालची ट्रंक ओढली. आत रेसबुकं होती. शेकडो. शेवटची शर्यत संपली की लोक तिकिटं फाडून टाकतात आणि रेसबुकं खुर्च्यांवर सोडून जातात. अप्पा त्यातलं एक उचलून आणत. स्वतःचा घोडा धावला असेल त्याच दिवसाचं. अप्पांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. प्रत्येक पुस्तिकेत त्यांच्या घोड्याच्या नंबरापुढे निळ्या पेनाने बरोबरची खूण केलेली.

मी तीन रविवार ती पुस्तकं तारखेने लावत बसले. सगळ्यात जुनं ऑक्टोबर १९९१ चं, पुण्याचं. पाचवी शर्यत, सात नंबर, निळी खूण. चिमी. घोडा तबेल्यात आल्यावर धावायला तयार व्हायला काही महिने जातात, म्हणजे अप्पा त्याआधीच लागलेले. पण निदान ऑक्टोबर १९९१ नक्की. राजा १९९२ च्या मुंबई सीझनमध्ये पडला, तेही सापडलं. एका सालची पुस्तकं अगदी कमी होती. अप्पा म्हणाले, "त्या साली दोन्ही घोड्यांच्या शिरा गेल्या. धावलेच न्हाईत." मी एक्सेल शीट केलं. तारीख, शर्यत, घोडा, ट्रेनर. ३१ वर्षं, ४४ घोडे. माझ्या कंपनीत कुठल्याच माणसाची सर्व्हिस हिस्टरी इतकी तपशीलवार नाही.

रेसबुक कधी नीट बघितलंय? एका घोड्यापुढे किती नावं असतात. घोड्याचं नाव, त्याच्या बापाचं, आईचं. मालकाचं किंवा मालकांची. ट्रेनरचं. जॉकीचं. जॉकीच्या अंगातल्या रेशमी सदऱ्याचे रंग. किती वजन घेऊन धावणार, कुठल्या गेटमधून सुटणार. पायात नाल ॲल्युमिनियमचे की पोलादाचे, तेसुद्धा. मी हे सगळं घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी दोन-तीन पुस्तकं मनापासून चाळली. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण यात तुमच्या वडिलांचं नाव कुठंय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं.

*

कायदा अगदीच मुका आहे असंही नाही. रेस क्लबांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. तो कायदा कारखान्यांना लागू होता, पुढे सरकारांनी अधिसूचना काढून दुकानांनाही लावला. क्लबांचं म्हणणं, आम्ही कुठे दुकान आहोत? २०१४ मध्ये बंगलोर टर्फ क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे घेऊन लोकांना सेवा देणारा क्लब या कायद्यापुरता दुकानच आहे. २०१६ मध्ये दुसऱ्या एका निकालात, फक्त शर्यतीच्या दिवसांपुरते बोलावले जाणारे हंगामी कामगारही त्यात येतात, हेही स्पष्ट झालं. मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. "येवढ्या मोठ्या रेसकोर्साला कोर्ट दुकान म्हनलं?"

पण मोतद्दार त्या दुकानाचा नोकर नसतो. तिकीट खिडकीवरचा माणूस क्लबचा, ट्रॅकवर पाणी मारणारा क्लबचा. मोतद्दार ट्रेनरचा. ट्रेनरला क्लब परवाना देतो, ट्रेनर मालकाला दर घोड्यामागे महिन्याचं बिल लावतो, आणि त्या बिलातून मोतद्दाराचा पगार निघतो. घोडा मालकाचा, परवाना क्लबचा, माणसं ट्रेनरची. पगारवाढ मागायला गेलं की ट्रेनर म्हणतो मालक बिल वाढवू देत नाहीत, मालक म्हणतो मी तर एवढं बिल भरतो, आणि क्लब म्हणतो हा तुमचा आपसातला मामला. तिघंही थोडंथोडं खरं बोलत असतात. त्यातून एका ट्रेनरकडे माणसं किती, यावर कुठला कायदा लागतो ते ठरतं. ग्रॅच्युइटीला दहा माणसं लागतात, पीएफला वीस. वहीत किती नावं ठेवायची हे वही ठेवणाऱ्याच्या हातात.

सगळीकडे असंच आहे असं नाही. संघटना आहेत, देशातल्या अनेक रेसकोर्सवर मोतद्दारांनी संप केलेत, काही ठिकाणी करार होऊन बरं चाललंय. काही ट्रेनर सगळं कागदावर ठेवतात. पण ज्याचा ट्रेनर ठेवत नाही, त्याचं नशीब त्या ट्रेनरच्या स्वभावावर. माणसाच्या म्हातारपणाची सोय कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडायची नसते, म्हणून तर कायदे झाले.

जपानमध्ये शर्यतीच्या बक्षिसाची वाटणी ठरलेली आहे. मालकाला ऐंशी टक्के, ट्रेनरला दहा, जॉकीला पाच आणि मोतद्दाराला पाच. जॉकीइतकेच. इंग्लंडमध्ये बक्षिसातला ठरलेला वाटा तबेल्यातल्या सगळ्यांच्या नावाने बाजूला निघतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोड्याच्या मोतद्दाराला स्वतंत्र करंडक देतात, आणि त्याला नाव आहे टॉमी वुडकॉकचं, तिथल्या फार लॅप या लाडक्या घोड्याला सांभाळणाऱ्या माणसाचं. तिथेही सगळं आलबेल नाही. पण पाच टक्के म्हणजे इनाम नव्हे. ते मिळाले नाहीत तर मागता येतात.

आणि हे काम काही दाणा टाकण्याचं नाही. रोज संध्याकाळी अप्पा घोड्याच्या पुढच्या पायांवरून, गुडघ्याखाली नळीच्या मागून हात फिरवायचे. शीर किंचित जरी गरम लागली तर लगेच जमादाराला हाक. एकदा रायडिंग बॉय म्हणत होता घोडा मस्त आहे, ट्रेनर म्हणत होते रविवारी धावेल, अप्पा म्हणाले नाही. डॉक्टर बोलावले, स्कॅन केलं, शीर सुजायला लागलेली. तो घोडा धावला असता तर त्याचा पाय गेला असता, कदाचित वरच्या जॉकीचा जीवही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असं ठरवलं. म्हणून त्यावर पैसे लावणं जुगार ठरत नाही. त्या कौशल्यात माझ्या मते अप्पांच्या तळहाताचाही वाटा होता.

*

चुलतभावाबद्दल सांगायला हवं. काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला जॉकी व्हायचं होतं. तबेल्यातल्या प्रत्येक पोराला व्हायचं असतं. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही मराठी नावं एके काळी रेसबुकात मोठ्या दिमाखात छापली जात. भावाकडे हात होते, असं अप्पा म्हणायचे. म्हणजे लगाम धरायचे हात. पण सोळाव्या वर्षी त्याची उंची वाढायला लागली. जॉकीचं वजन पन्नास-बावन्न किलोच्या आसपास लागतं. तो रात्री जेवायचा नाही. भर मे महिन्यात दोन स्वेटर घालून एम्प्रेस गार्डनच्या बाजूने पळायचा. एकदा ट्रॅकवरच चक्कर येऊन पडला. काकू रडल्या, अप्पांनी त्याला जवळ बसवून सांगितलं, "हाडं कमी करता येत न्हाईत बाबा."

आता तो रायडिंग बॉय आहे. पहाटे घोड्यांना कामावर काढतो, कच्च्या, न शिकलेल्या घोड्यांनासुद्धा. शर्यतीच्या दिवशी जॉकींच्या मागून ॲम्ब्युलन्स धावत असते, एवढा हा धोक्याचा खेळ. तो धोका पहाटेच्या कामालाही असतोच, पण तेव्हा बघायला कुणी नसतं. गेल्या काही वर्षांत दोनदा त्याचं कॉलरबोन मोडलं.

*

मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की ते म्हणतात, मग बंदच करा ना हे. श्रीमंतांचा जुगार, मुक्या जनावरांचे हाल. काही वर्षं मीही असंच म्हणायचे. घोड्यांच्या बाबतीत त्यांचं बरंचसं खरं आहे. मोडलेल्या पायाच्या घोड्याभोवती पडदा धरतात, आणि पडदा काढल्यावर तिथे घोडा नसतो. राजा तसाच गेला. अप्पा चार दिवस जेवले नाहीत, असं आई सांगते.

पण २०२० च्या मार्चमध्ये शर्यती थांबल्या तेव्हा बंद म्हणजे काय ते आम्ही पाहिलं. अप्पा मुंबईत अडकले. सगळं जग घरी बसलेलं आणि अप्पा माळ्यावर, कारण घोड्याला लॉकडाऊनही कळत नाही. दाणा, खरारा, फिरवणं सगळं चालू. शर्यती नाहीत म्हणून इनाम नाही, आणि पगार अर्धा. तीन महिने आम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर बघत होतो. ते फोन घोड्याकडे वळवायचे.

धंदा आताही डळमळतोय. २०२५ च्या सप्टेंबरपासून रेसच्या बेटिंगवर चाळीस टक्के जीएसटी आहे, आणि खेळणारे बेकायदा बुकीकडे वळतात अशी तक्रार सगळ्या तबेल्यांत ऐकू येते. महालक्ष्मीच्या जागेपैकी सुमारे १२० एकरांवर मोठी सार्वजनिक बाग करायचं २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलं. मुंबईला बाग हवीच आहे, माझ्या तिथल्या मैत्रिणी खूश आहेत. त्याच २०२४ मध्ये मकाव आणि सिंगापूरच्या शर्यती कायमच्या बंद झाल्या. अशा बातम्यांत जमिनीचं काय होणार ते असतं, घोडे कुठे जाणार तेही असतं. मोतद्दारांचं काय, हे शोधायला बातमी शेवटपर्यंत वाचावी लागते.

मला बंद नको आहे. अप्पांसारख्या माणसाला पन्नाशीत दुसरं काम कोण देणार? मला हवा आहे तो पगाराचा कागद, आठवड्याची सुट्टी, विम्याचं कार्ड आणि बक्षिसातला लिहिलेला वाटा. ज्या खेळात एका घोड्याची किंमत फ्लॅटइतकी असू शकते, तिथे हे फार नाही.

*

तिसऱ्या ट्रेनर साहेबांना मी पत्र लिहिलं. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा, शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. पाठवायच्या आदल्या रात्री अप्पा म्हणाले, "नगं पाठवू. त्यांच्या मालकानं तुझी फी भरली."

मी म्हटलं, "अप्पा, तो घोडा कुणी जिंकवला?"

"जॉकीनं."

"आणि?"

ते बोलले नाहीत. आई आतून म्हणाली, "पाठव गं."

दोन महिने उत्तर नव्हतं. दुसऱ्या पत्रानंतर साहेबांनी अप्पांना बोलावलं. आधी त्यांनी पाकीट पुढे केलं. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा पाकीट न घेता म्हणाले, "पोरगी म्हनती कागदावर द्या." हे मला भावाने सांगितलं, अप्पांनी नाही. साहेब जरा रागावले, मग गप्प झाले, मग त्यांनी त्यांच्या अकाउंटंटला फोन लावला. अकरा वर्षांचा हिशेब चेकने मिळाला, सोबत लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र. २०११ ते २०२२. आधीच्या वीस वर्षांचं देणं लागणारं आता कुणी नाही. ३१ वर्षं धरली असती तर रक्कम जवळजवळ तिप्पट झाली असती. अप्पांनी पत्र दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्यात चिमी न्हाई?" चिमी नव्हती. त्या पत्राप्रमाणे अप्पा कामाला लागले तेव्हा ते वयाची चाळिशी ओलांडून गेले होते.

त्यानंतर त्या तबेल्यात एक झालं. अकाउंटंटने सगळ्यांचेच कागद करायला घेतले. अप्पांमुळे की भीतीने की आधीच ठरलं होतं, मला माहीत नाही. भावाचं ईएसआय कार्ड आलं. दुसऱ्यांदा कॉलरबोन मोडलं तेव्हा ते पहिल्यांदा वापरलं गेलं.

यंदा जुलैत पुण्याचा सीझन सुरू झाला. पहिल्या दिवशी संध्याकाळी भाऊ घरी आला आणि त्याने रेसबुक अप्पांपुढे ठेवलं. त्याने पहाटे कामावर काढलेला एक घोडा त्या दिवशी धावला होता. चौथा आला. अप्पांनी चष्मा लावला, नंबर शोधला आणि पुढे निळ्या पेनाने बरोबरची खूण केली. मी पुस्तक ट्रंकेत ठेवायला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब." मग त्या खुणेपुढच्या चिंचोळ्या पांढऱ्या जागेत त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत, मराठीत भावाचं पूर्ण नाव लिहिलं. खाली तारीख घातली.